बाबांच्या नावावरची गाडी घेऊन नेपाळ, बॉर्डरवर नेमकं काय होतं?

सुदामानगर_रायडर:
नमस्कार मंडळी, मी इंदूरचा. दिवाळीनंतर हिमालयन बाईक घेऊन निघतोय, भोपाळ-झाशी-कानपूर-लखनौ-गोरखपूर करत सोनौलीहून नेपाळ. हे जमलं तर पुढच्या वर्षी मुंबईहून गाडी जहाजाने दुबईला टाकून पुढे तुर्कीपर्यंत जायचं मनात आहे, पाकिस्तानातून जाणारा अटारीचा रस्ता तर बंदच आहे. अडचण अशी की गाडी बाबांच्या नावावर आहे. नेपाळला कार्नेट (गाडी परत नेण्याच्या हमीचं कस्टमचं पुस्तक) लागतो का? आणि बॉर्डरवर कोण कुठला कागद बघतं हे कोणी नीट सांगेल का, व्हिडिओत सगळे गेटजवळचा फोटो दाखवतात आणि डायरेक्ट पोखरा.

घाटरस्ता:
भिया, नेपाळला आपल्या नंबरच्या गाडीला कार्नेट लागत नाही. व्हिसा पण नाही, पासपोर्ट किंवा मतदार कार्ड चालतं. सोनौलीचं गेट ओलांडलं की पलीकडे बेलहिया, तिथे भन्सारचं ऑफिस, भन्सार म्हणजे कस्टम. आरसी-लायसन्स दाखवायचं, किती दिवस राहणार ते सांगायचं, तेवढ्या दिवसांचे पैसे भरून पावती घ्यायची. गंमत अशी की गेटवर कोणी थांबवत नाही, रिक्षा, सायकली, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका सगळे चाललेले असतात, त्या गर्दीत आपणही आत जातो आणि भन्सार मागेच राहतं. मग बुटवलच्या पुढे कुठेतरी ट्रॅफिकवाला पावती मागतो तेव्हा कळतं. दिवस दोन-तीन जास्तीचेच लिही, मुग्लिनच्या रस्त्याला दरड आली की अख्खा दिवस जातो. बाबांकडून गाडी नेण्याचं अधिकारपत्र नोटरी करून घे, इंग्रजीत, सोबत त्यांच्या ओळखपत्राची कॉपी. शंभराच्या नोटा भरपूर ठेव, आपल्या १०० ला नेपाळी १६०, हा भाव बांधलेला आहे. आणि परत येताना ती पावती दाखवून गाडीची नोंद बंद करूनच गेट ओलांड.

रामबाग_काका:
वरच्या शेवटच्या वाक्यावर मी जीव तोडून सांगतो. मी २०१९ ला दुबई-इराण-तुर्की केलं. कार्नेट आपल्याला मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनकडून मिळतो, वर्षभर चालतो आणि त्याच्यासाठी बँक गॅरंटी ठेवावी लागते. कारण कार्नेट म्हणजे मी ही गाडी तुमच्या देशात विकणार नाही, परत नेणार, याची हमी. गाडी बाहेर पडल्याचा पुरावा नसेल तर तिथलं कस्टम ड्यूटी मागतं असोसिएशनकडे, आणि असोसिएशन आपल्या गॅरंटीतून.

कार्नेटच्या पुस्तकाचं प्रत्येक पान तीन तुकड्यांचं असतं. खालचा तुकडा आत शिरताना कस्टमवाला फाडून घेतो, मधला बाहेर पडताना, वरचा आपल्याजवळ राहतो आणि त्याच्यावर दोन्ही शिक्के हवेत. मी एका बॉर्डरवर रात्री अकराला पोचलो, पाऊस, हातमोजे चिंब, पासपोर्टवर शिक्का बसला, गेट उघडलं, शिपाई हात करतोय चला चला, मी गाडी काढली. पुढच्या देशाच्या खिडकीत पुस्तक उघडलं तर मधला तुकडा तसाच पानाला. तो माणूस नवीन पानावर एन्ट्री मारायलाच बसला होता, शिक्का हातात. मी हात जोडून पुस्तक मागून घेतलं, गाडी तिथेच लावली आणि पावसात चालत मागे गेलो, अडीच तास गेले. तुकडा फाडून घेताना त्या कस्टमवाल्याने साधं वर पण पाहिलं नाही, पण माझे गॅरंटीचे पैसे त्या एका फाडण्यावर होते. माणसाचा शिक्का वेगळा, गाडीचा वेगळा, हे डोक्यात पक्कं बसव. तो शिक्का राहिला तर घरी येऊन गाडी कस्टमला दाखवून दाखला घ्या, पत्रं लिहा, महिनोन् महिने तेच.

नर्मदाकाठ:
काकांनी मोठं काम वाचवलं. माझं एकच, चेसिस नंबर. तो १७ अक्षरी असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतातच. माझ्या कागदांवर टाइप करणाऱ्याने शून्याच्या जागी ओ मारला होता, घरीच लक्षात आलं म्हणून वाचले, नाहीतर बॉर्डरवर टॉर्च घेऊन एकेक अक्षर जुळवतात. हँडलच्या मानेवरचा चिखल रॉकेलच्या फडक्याने पुसून स्वतः वाच, आरसीशी जुळव. आणि इन्शुरन्सवाल्याला आत्ताच सांग, पॉलिसीत नेपाळ जोडून दे म्हणून, त्याला आयएमटी १ म्हणतात, थोडा प्रीमियम जास्त लागतो. दुबईच्या वेळी इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागेल, तो आरटीओतच मिळतो, फॉर्म ४ए, एक वर्षाचा.

सुदामानगर_रायडर:
काका, ताई, दादा, खूप खूप आभार. आत्ता खाली जाऊन नंबर वाचला, आरसीशी जुळतोय, फोटो काढून ठेवला. बाबा उद्या नोटरीकडे येतो म्हणालेत. काका, पुढच्या वर्षी कार्नेट बाबांच्या नावाने काढू की आधी गाडी माझ्या नावावर करू?

रामबाग_काका:
गाडी नावावर कर. अधिकारपत्राने नेपाळ होतं, पण पुढे प्रत्येक खिडकीवर आरसीवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, हे समजावत बसशील आणि समोरच्याला ना हिंदी येत ना इंग्रजी. एक वर्ष आहे हातात, नायता मुंडल्याला आरटीओत दोन चकरा होतील, होऊ दे.