लेबनॉनच्या बातम्यांत मागच्या भिंतीवर दिसणारे काळ्या पगडीतले इमाम कोण?

राज्यशास्त्र_दुसरंवर्ष

नमस्कार. एम.ए.च्या प्रकल्पासाठी लेबनॉनवर वाचतेय. तिथल्या संसदेचे सभापती नबीह बेर्री यांच्या मुलाखती पाहताना मागे बऱ्याचदा एकच फोटो दिसतो. काळी पगडी, दाढी, उंचापुरा माणूस, चेहऱ्यावर मंद हसू. नाव इमाम मूसा सद्र. शोधलं तर कुणी त्यांना इराणी मौलवी म्हणतं, कुणी लेबनीज नेता, आणि सगळीकडे शेवटी एकच ओळ: १९७८ पासून बेपत्ता.

इराणात जन्मलेला धर्मगुरू लेबनॉनच्या राजकारणात एवढा मोठा कसा झाला? हिजबुल्लाचे संस्थापक हेच का? आणि बेपत्ता म्हणजे नक्की काय झालं? कुणी नीट सांगेल का?

सह्याद्री_वाचक

हिजबुल्ला नाही. त्यांची संघटना 'अमल', जी आज बेर्रींकडे आहे. हिजबुल्ला १९८२च्या इस्रायली आक्रमणानंतर उभी राहिली, तोवर सद्र गायब होऊन चार वर्षं झाली होती. तिच्यातले बरेच जण आधी अमलमध्ये होते, म्हणून गोंधळ होतो. फोटो दोघांच्याही भागात लागतो.

वेदगंगाकाठ

ताई, मी सैन्याच्या पशुवैद्यकीय विभागातून निवृत्त झालो. गाव निपाणीजवळ. २००९ साली संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या भारतीय तुकडीबरोबर दक्षिण लेबनॉनला होतो. आपली तुकडी तिथे १९९८ पासून आहे. माणसांच्या तपासणीबरोबर आम्ही गावोगाव जनावरांचाही कॅम्प लावायचो. शेळ्यामेंढ्यांना जंताचं औषध पाजायचं, कुणाची कास सुजली असेल तर बघायचं. त्यामुळे घराघरांत गेलो. शिया घर असलं की तो फोटो हमखास.

मर्जेयूनच्या बाजूला एका म्हाताऱ्याची शेळी अडली होती. करडू आडवं होतं, ते फिरवून बाहेर काढेपर्यंत अंधार पडला. हात धुऊन पडवीत आलो तर घरातल्या बाया आणि पोरं तंबाखू ओवत बसलेली. हातभर लांब चपटी सुई, पानाच्या देठाशी टोचायची, सुई भरली की पानं दोऱ्यावर सरकवायची आणि माळ लाकडी चौकटीला वाळत घालायची. आमच्याकडे तंबाखू रानातच कापून वाळवतात, ओवत नाहीत. पण तो वास आणि बोटांना धरणारा काळा चीक मला पाठ आहे. मी खाली बसलो आणि पानं ओवायला लागलो. म्हाताऱ्याने दुभाष्याला विचारलं, ह्याला हे कसं येतं?

मग मी निपाणीचं सांगितलं. वखारवाला भाव ठरवणार, वजन त्याचंच, माल त्याच्या दारात पडला की शेतकरी गप्प. १९८१चं आंदोलन आणि त्यातला गोळीबार सांगितला. म्हातारा उठून माझ्या शेजारी येऊन बसला. त्यांच्याकडे तंबाखू फक्त 'रेजी' ही मक्तेदार कंपनी घ्यायची. लागवडीचे परवाने बड्या जमीनदारांच्या नावावर आणि राबणारा तिसराच. १९७३च्या जानेवारीत नबातिये गावात तंबाखूवाल्यांनी आवाज उठवला, तर तिथेही गोळ्या चालल्या आणि माणसं मेली. तिथून बोलणं भिंतीवरच्या फोटोकडे वळलं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला त्या पडवीत मिळालं. बाकीचं पुढे कॅम्पात आणि घरी परतल्यावर वाचत गेलो.

मूसा सद्र यांचा जन्म १९२८चा, इराणमधल्या कुम शहरातला. वडील सद्रुद्दीन सद्र तिथले मोठे आयातुल्ला. पण घराणं मूळचं दक्षिण लेबनॉनच्या जबल आमिल डोंगरपट्ट्यातलं, काही पिढ्यांमागे बाहेर पडलेलं. म्हणजे तिकडच्या लोकांच्या लेखी परका माणूस आला नव्हता, भाऊबंदांपैकीच कुणी परत आला होता. कुमला धर्माचं शिक्षण, शिवाय तेहरान विद्यापीठाची पदवी, मग १९५४ पासून इराकमध्ये नजफला मोहसिन अल-हकीम आणि अबुल कासिम खुई या थोर विद्वानांकडे अध्ययन. दक्षिण लेबनॉनमधल्या सूर (इंग्रजीत टायर) शहराचे जुने धर्मप्रमुख अब्दुल हुसेन शरफुद्दीन १९५७ला वारले. त्यांच्या जागी १९५९च्या अखेरीस हे आले. अरबी बोलायचे, पण तिला फारसीचा हेल होता. लेबनॉनचं नागरिकत्व १९६३ला मिळालं.

तेव्हाच्या लेबनॉनमध्ये सत्तेची वाटणी पंथावर होती, आजही आहे. राष्ट्राध्यक्ष मारोनी ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया. पण सभापतिपद मिळून उपयोग काय, शिया म्हणजे दक्षिणेतला आणि बेकाच्या खोऱ्यातला गरीब शेतकरी. रस्ता नाही, दवाखाना नाही, आणि मत जमीनदार सांगेल त्याला. या माणसाने आल्यावर भाषणं नंतर केली, आधी सूरमधली भीक बंद करायला घेतली. जुनी धर्मादाय संस्था पुन्हा उभी केली, वर्गण्या लावल्या. अनाथ पोरांसाठी सूरजवळच बुर्ज अल-शमालीला धंदेशिक्षणाची शाळा काढली आणि ती चालवायला आणला मुस्तफा चमरान, अमेरिकेत बर्कलीला डॉक्टरेट केलेला इंजिनिअर. हाच चमरान पुढे इराणचा संरक्षणमंत्री झाला आणि १९८१ला इराकविरुद्धच्या आघाडीवर मेला. मुलींच्या शिक्षणाचं आणि शिवणकामाचं काम सद्र यांच्या बहिणीने, रबाब यांनी सांभाळलं.

सूरमध्ये एक गोष्ट अजून सांगतात. एका ख्रिश्चन माणसाचं आइस्क्रीमचं दुकान होतं. ख्रिश्चनाच्या हातचं खाणं मुसलमानाला चालत नाही, अशी कुणीतरी आवई उठवली आणि त्याचं गिऱ्हाईक तुटलं. तो गाऱ्हाणं घेऊन सद्र यांच्याकडे गेला. शुक्रवारी नमाज संपला तसे हे मशिदीतून निघाले, मागे सगळा जमाव, आणि चालत त्या दुकानात जाऊन सर्वांसमोर आइस्क्रीम मागून खाल्लं. विटाळाचा असा प्रश्न त्यांनी आइस्क्रीम खाऊन सोडवला. मी ज्या गावात वाढलो तिथे वेगळे पाणवठे पाहिलेत, म्हणून ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

राजकारणात ते संस्था बांधत शिरले. सुन्नींना मुफ्ती होता, शियांना स्वतःचं असं अधिकृत काही नव्हतं. १९६७ला संसदेने सर्वोच्च शिया परिषदेचा कायदा केला आणि १९६९ला हे तिचे पहिले अध्यक्ष झाले. सीमेवर पॅलेस्टिनी छापे आणि इस्रायली तोफा यांच्या कात्रीत गावं रिकामी व्हायला लागली, तेव्हा मे १९७०मध्ये त्यांनी देशभर बंद पुकारला. सरकारला दक्षिणेसाठी खास मंडळ नेमावं लागलं. मार्च १९७४ला बालबेकच्या सभेत पाऊण लाख माणसं जमल्याचं लिहिलेलं आहे. 'महरूमीन', म्हणजे वंचितांची चळवळ, तिथून उभी राहिली. तिच्या आखणीत ग्रेगवार हद्दाद हे ग्रीक कॅथलिक आर्चबिशप त्यांच्या बरोबर होते. १९७५च्या फेब्रुवारीत बैरूतच्या कपुचिन चर्चमध्ये ख्रिश्चनांच्या उपवासकाळाचं प्रवचन या शिया इमामाने दिलं.

दोनच महिन्यांत यादवी पेटली. जूनच्या अखेरीस ते बैरूतच्या मशिदीत उपोषणाला बसले, लढाई थांबवा म्हणून. तेवढ्यात बेकात शिया लोकांनीच अल-काअ आणि दैर अल-अहमर या ख्रिश्चन गावांना वेढा घातला. हे तडक तिकडे गेले आणि आपल्याच माणसांना सांगितलं की या गावावर झाडलेली गोळी माझ्या घरावर, माझ्या लेकरांवर झाडलेली आहे. वेढा उठला. आमच्यासारख्या शांतिसेनेच्या शिपायाला यातली किंमत कळते. समोरच्याला थांबवणं सोपं असतं ताई, स्वतःच्या माणसांना थांबवणं फार अवघड.

राज्यशास्त्र_दुसरंवर्ष

काका, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. पण मग एक खटकतंय. यादवीविरुद्ध उपोषण करणाऱ्याने अमलसारखी सशस्त्र संघटना कशी काढली?

डोंगरी_नऊ

काका लिहितीलच, तोवर दोन गोष्टी सांगतो. मी मुंबईच्या डोंगरीतला, शिया घरातला.

'इमाम' शब्दाने मराठी वाचकाची गल्लत होते. आपल्याकडे इमाम म्हणजे मशिदीत नमाज पढवणारा. आम्हा बारा इमाम मानणाऱ्या शियांमध्ये तो शब्द अली आणि त्यांच्या वंशातल्या इमामांसाठी. त्यातले बारावे अकराशे वर्षांपासून दृष्टीआड आहेत, ते परत येतील अशी श्रद्धा आहे. लेबनॉनच्या लोकांनी मूसा सद्र यांना प्रेमाने इमाम म्हटलं, आणि मग तेच नाहीसे झाले. मोहरमच्या मजलिसीत लहानपणापासून वाट पाहण्याचं ऐकत वाढलेल्या माणसाच्या काळजाला हे कुठे लागत असेल, ते बाहेरून कळणं कठीण आहे. काळी पगडी म्हणजे सय्यद, पैगंबरांच्या वंशातले. इतर उलेमांची पांढरी असते.

दुसरं, हे घराणंच तसं. इराकचे मोहम्मद बाकिर सद्र हे मूसा यांचे चुलतभाऊ आणि मेहुणेही. इस्लामी अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञानावर त्यांची पुस्तकं आमच्याकडे आजही वाचली जातात. सद्दामने १९८०च्या एप्रिलमध्ये त्यांना आणि त्यांची बहीण बिंतुल हुदा यांना ठार केलं. दोन वर्षांत एका घरातली तीन माणसं.

वेदगंगाकाठ

ताई, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. मला स्वतःला हेच जड जातं. जुलै १९७५मध्ये, उपोषण सुटून आठवडाही झाला नव्हता, तेव्हा बालबेकजवळच्या प्रशिक्षण तळावर सुरुंग फुटला आणि वीसहून जास्त तरुण गेले. त्या वेळी त्यांना उघड सांगावं लागलं की अमल नावाचं आपलं पथक आहे. त्यांचं म्हणणं असं होतं की सीमेवरच्या गावाला सरकार वाचवत नाही, मग गावाने स्वतःला वाचवायचं. ते म्हणणं मला समजतं, मी ती गावं पाहिलीत. पण पथकं एकदा उभी राहिली की ती उभी करणाऱ्याचं ऐकतातच असं नाही. १९८५ पासून याच अमलने पॅलेस्टिनी छावण्यांना वेढे घातले, पुढे हिजबुल्लाशी लढाई केली, शिया विरुद्ध शिया. तेव्हा काअच्या वाटेवर आडवं जाऊन उभं राहणारा माणूस त्यांच्यात नव्हता. आणि १९७६ला सीरियाच्या फौजा आल्या तेव्हा सद्र सीरियाच्या बाजूने राहिले. डावे आणि पॅलेस्टिनी दोघंही त्यांच्यावर उलटले. हेही प्रकल्पात घाला, नाहीतर चित्र अर्धं राहील.

आता बेपत्ता होण्याचं. मार्च १९७८ला इस्रायलने दक्षिणेत फौजा घातल्या. त्यावर अरब देशांचा पाठिंबा मागत ते फिरत होते. २५ ऑगस्टला गडाफीच्या निमंत्रणावरून लिबियात त्रिपोलीला पोहोचले. बरोबर शेख मोहम्मद याकूब आणि पत्रकार अब्बास बद्रुद्दीन. ३१ ऑगस्टनंतर तिघांना कुणी पाहिलं नाही. लिबिया म्हणालं, विमानाने रोमला गेले. त्यांचं सामान रोमच्या हॉटेलात मिळालंसुद्धा, पण इटलीच्या तपासात निघालं की ही माणसं देशात आलीच नव्हती. २००८ला लेबनॉनच्या न्यायालयीन तपासात गडाफीवर आरोप ठेवले गेले. तो २०११ला मारला गेला, तरी उत्तर आलं नाही. त्याच्या हनिबाल या मुलाला लेबनॉनने २०१५ पासून जवळजवळ दहा वर्षं खटला न चालवता कोंडून ठेवलं. १९७८ला तो लहान पोर होता. मला ते बरोबर वाटत नाही, आणि अल-काअच्या लोकांची बाजू घेणाऱ्या त्या माणसालाही ते रुचलं असतं असं वाटत नाही.

म्हाताऱ्याला मी त्या रात्री विचारलं होतं, इमाम तुमच्यापेक्षा किती मोठे? त्याने बोटांवर मोजलं. दुभाष्या म्हणाला, "चार वर्षांनी मोठे आहेत." मी म्हटलं, आहेत की होते, पुन्हा विचार. त्याने पुन्हा विचारलं. म्हाताऱ्याने हातातलं पान ओवून होऊ दिलं आणि म्हणाला, "आहेत."