संगणकशास्त्रासाठी कोल्हापूर परिसरात परवडणारे महाविद्यालय कोणते निवडावे?

प्रश्न : कागलकर पालक

नमस्कार. माझी मुलगी यंदा विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली असून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या गटाच्या सीईटीत तिला ९१ पर्सेंटाइल मिळाले आहेत. तिला संगणकशास्त्रच शिकायचे आहे. आमचे कागल तालुक्यात लहानसे किराणा दुकान आणि थोडा ऊस आहे. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आसपास असून आम्ही ओबीसी प्रवर्गात येतो. अभियांत्रिकीची फी लाखाच्या घरात जाते असे ऐकल्यामुळे तिला कोल्हापुरात बीसीएसला (संगणकशास्त्राची तीन वर्षांची पदवी) घालावे असे आम्ही जवळपास ठरवले आहे. नातेवाईक मात्र सांगलीचे वालचंद किंवा कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुचवतात. धाकटा मुलगा नववीत आहे, त्यामुळे पुढे दोघांचा खर्च एकदम अंगावर येईल याचीही काळजी आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, राजारामपुरी

आपण माहितीपत्रकातील फी पाहून अभ्यासक्रम निवडत आहात, आणि तिथेच घोटाळा होतो. महत्त्वाचा आकडा आहे तो आपल्या खिशातून प्रत्यक्षात जाणाऱ्या रकमेचा.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास (एसईबीसी) आणि ओबीसी या प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. पूर्वी ही सवलत निम्मी होती. आपली मुलगी या निकषांत बसते. अट एवढीच, की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधूनच व्हायला हवा. व्यवस्थापन कोट्यातील जागेला ही सवलत नाही आणि खासगी विद्यापीठांनाही ती लागू नाही. आपल्याकडे एकाच संस्थेच्या नावाचे संलग्न महाविद्यालयही असते आणि स्वतंत्र खासगी विद्यापीठही असते, तेव्हा पसंतीक्रम भरताना नाव नीट वाचावे.

याउलट बीसीएस बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित तत्त्वावर चालते. महाविद्यालय जुने आणि अनुदानित असले म्हणून तिथल्या बीसीएसची फी साध्या बीएस्सीएवढी असेल असे समजू नये. वरची माफी त्या फीला लागू होईल असेही गृहीत धरू नये. महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात आधी विचारून घ्यावे. म्हणजे कागदावर महाग दिसणारी अभियांत्रिकी आपल्या मुलीला वर्षाकाठी बीसीएसपेक्षा स्वस्त पडण्याची शक्यता बरीच आहे, फक्त वर्षे तीनऐवजी चार.

आता महाविद्यालयांविषयी. वालचंद १९४७ पासूनचे, कराडचे शासकीय महाविद्यालय १९६० पासूनचे, आणि दोन्ही उत्तमच. तथापि वालचंदच्या संगणक शाखेची आणि कराडच्या माहिती तंत्रज्ञान शाखेची कटऑफ ९१ च्या बरीच वर असते. ती नावे यादीत सर्वांत वर टाकायला काही लागत नाही, पण घरचा हिशेब त्यांवर मांडू नये. आपल्यासाठी गोकुळ शिरगावचे केआयटी आणि कसबा बावड्याचे डी. वाय. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय हे पर्याय अधिक जवळचे आहेत. केआयटी तर कागलहून कोल्हापूरला येताना महामार्गावरच लागते, त्यामुळे वसतिगृह व खानावळ हा सर्वांत मोठा खर्चच उरत नाही. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे आणि विद्यार्थ्यांच्या मासिक पासातही मोठी सवलत आहे. संगणक शाखा मिळाली नाही, तर माहिती तंत्रज्ञान किंवा डेटा सायन्सच्या नावाने असलेल्या शाखांचाही विचार करावा. पहिल्या दोन वर्षांच्या पायाभूत विषयांत फार मोठा फरक नसतो.

उत्तर : बीसीएसचा जुना विद्यार्थी

सरांच्या हिशेबाशी मी सहमत आहे, पण बीसीएसला नाइलाजाचा पर्याय समजू नये एवढेच म्हणतो. मी स्वतः कोल्हापुरातून बीसीएस केले आणि नंतर एमसीए ही संगणक विषयातील पदव्युत्तर पदवी घेतली. एमसीए २०२० पासून दोनच वर्षांचे झाले आहे. बीसीएसमध्ये गणित, संख्याशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्सही शिकवले जाते आणि प्रोग्रॅमिंग पहिल्याच सत्रापासून हाताला लागते. बीएस्सी व बीसीए झालेल्यांना नोकरीत घेऊन पुढे एमटेक करवणारा विप्रोसारख्या कंपनीचा उपक्रमही आहे. अडचण एकच जाणवली. काही कंपन्या कॅम्पस मुलाखतींसाठी फक्त अभियांत्रिकीच्या मुलांना बोलावतात आणि त्या दारापर्यंत पोहोचायला आम्हाला एमसीएची दोन वर्षे घालावी लागली. त्या दोन वर्षांची फीही हिशेबात धरा.

बीसीए आणि बीसीएस यांत गल्लत करू नका. बीसीएच्या प्रवेशासाठी २०२४ पासून स्वतंत्र सीईटी आहे, बीसीएसला ती लागत नाही.

उत्तर : गेल्या वर्षीची पालक, इचलकरंजी

दादा, माझ्या मुलीचा प्रवेश गेल्या वर्षी याच सवलतीतून झाला, म्हणून अनुभव सांगते. खरी दमछाक होते ती कागदपत्रांत. ओबीसी असल्यामुळे जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि चालू मुदतीचे नॉन-क्रिमीलेअर ही तिन्ही हाताशी हवीत. वैधता प्रमाणपत्र अजून काढले नसेल, तर अर्जाची पावती तरी आजच्या आज मिळवा. प्रवेशानंतर शासनाच्या महाडीबीटी या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज भरावा लागतो, त्यासाठी मुलीचे बँक खाते आधारशी जोडलेले असले पाहिजे. आमचे जोडलेले नव्हते आणि त्यात दोन महिने गेले.

दुसरे असे, की माफी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क आणि बसचे पैसे वेगळे द्यावे लागतात. आम्हाला एका महाविद्यालयाच्या खिडकीवर आधी पूर्ण फी भरा, सरकारचे पैसे आले की परत करू, असे सांगण्यात आले होते. शासन निर्णयाची प्रत पुढे ठेवली तेव्हा तो विषय तिथेच थांबला. आपणही प्रत छापून जवळ ठेवा.

मुलाचे म्हणाल, तर मुलींची ही माफी त्याला मिळणार नाही. त्याच्यासाठी टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजना, लक्षात ठेवा. मंजूर जागांशिवाय पाच टक्के जादा जागा या योजनेत असतात, त्यांना शिक्षण शुल्क लागत नाही आणि उत्पन्नाची मर्यादा आठ लाखच आहे. पर्याय भरताना या जागांचा सांकेतिक क्रमांक वेगळा असतो, तो अनेकांच्या नजरेतून सुटतो. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात पदविका करून थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जाण्याचा मार्गही त्याला मोकळा आहे.

कागलकर पालक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलीला सारे वाचून दाखवले. वालचंद व कराड वर, मग केआयटी आणि कसबा बावडा, असा क्रम तिने स्वतःच मांडला आहे आणि बीसीएसचा अर्जही हाताशी ठेवणार आहोत. जात वैधता तिने अकरावीतच काढून घेतली होती. नॉन-क्रिमीलेअरची मुदत मात्र मार्चमध्ये संपली आहे, त्यासाठी सोमवारी तहसील कार्यालयात जात आहे.