बुद्ध सर्किट ट्रॅक डे : ब्रेक मऊ पडतात, वळणात नाक बाहेर जातं. काय बदलू?

तिसरा_गिअर

मंडळी, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पुढच्या महिन्यात पुन्हा ट्रॅक डे आहे. गाडी टर्बो पेट्रोल हॅचबॅक, साधारण १,१०० किलो, मॅन्युअल, पुढच्या चाकांना ड्राइव्ह. पुढे डिस्क, मागे ड्रम. टायर १९५ रुंदीचे, रोजच्या वापरातलेच. ब्रेकमध्ये काहीही बदललेलं नाही. ब्रेक ऑइल दोन वर्षांचं आहे. सेशन वीस मिनिटांचं असतं.

लक्षणं अशी :

१. चौथ्या लॅपपासून पेडल खोल जातं. दोनदा पंप केलं की वर येतं, पुढच्या वळणाला पुन्हा खाली.
२. लांब सरळ पट्ट्यानंतरच्या टर्न ४ ला स्टिअरिंग वळवलं तरी नाक बाहेरच जातं. आणखी वळवून काही फरक पडत नाही.
३. टर्न १०-११ च्या लांबलचक उजव्या वळणात रेस सोडली की मागची बाजू हलते.
४. हील-अँड-टो (ब्रेक दाबलेला असतानाच त्याच पायाने रेस मारून गिअर उतरवणं) यायलाच हवं का?

मोठ्या डिस्कचं किट बसवावं असंही डोक्यात आहे. खर्च योग्य ठिकाणी व्हावा एवढीच इच्छा.

पानापेचकस

किट राहू द्या. आधी ब्रेक ऑइल बदला.

पेडल मऊ होऊन खोल जातंय आणि पंप केल्यावर वर येतंय, म्हणजे कॅलिपरमध्ये (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) ऑइल उकळतंय. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. तुमचा पाय बुडबुडे दाबण्यातच खर्च होतो. पॅड तापून हार मानतात तेव्हा लक्षण उलटं असतं : पेडल दगडासारखं घट्ट, पण गाडी थांबत नाही आणि करपल्यासारखा वास येतो. हे दोन आजार वेगळे, औषधंही वेगळी. कर्बवरून (ट्रॅकच्या कडेची उंच पट्टी) जोरात गेल्यावर फक्त पहिल्यांदा पेडल खोल गेलं आणि दुसऱ्या दाबाला एकदम ठीक झालं, तर तो तिसरा प्रकार. त्यात धक्क्याने पॅड मागे सरकलेले असतात.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ या दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश असावा लागतो, ओल धरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ वर येते. दोन वर्षांचं ऑइल रस्त्यावर चालून जातं, ट्रॅकवर नाही. डॉट ५.१ ला हेच आकडे २६० आणि १८०. रेसिंगसाठी बनवलेल्या डॉट ४ चा कोरडा बिंदू ३०० च्या वर असतो, पण ते लवकर बदलावं लागतं. सीलबंद डबाच घ्या. अर्धा वापरून ठेवलेला डबा नको. आणि नुसत्या '५' आकड्याचं डॉट ५ चुकूनही टाकू नका. ते सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीत चालत नाही.

चारही चाकांतून जुनं ऑइल पूर्ण निघेपर्यंत ब्लीड करा. कोणत्या चाकापासून सुरुवात करायची तो क्रम प्रत्येक गाडीचा वेगळा, वर्कशॉप मॅन्युअल बघून घ्या. टाकीतली पातळी मध्येच तळाला जाऊ देऊ नका, नाहीतर हवा ओढली जाऊन सगळं काम पुन्हा.

पॅड अर्ध्याहून जास्त झिजले असतील तर बदला. पातळ पॅडमधून उष्णता थेट पिस्टनला आणि तिथून ऑइलला पोचते. नवे पॅड ट्रॅकवर नेण्याआधी बसवून घ्यावे लागतात : मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, ८० वरून २० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा. पूर्ण थांबायचं नाही. मग दहा मिनिटं ब्रेकला शक्यतो हात न लावता गाडी चालवून थंड करा.

सेशनची शेवटची लॅप सावकाश, जवळजवळ ब्रेक न लावता. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेले लायनर ड्रमला एकाच जागी चिकटून बसतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली ठोकळा लावा. पायही ब्रेकवर ठेवून बसू नका. तापलेल्या डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो आणि नंतर पेडल थरथरायला लागतं.

ब्रेकिंगचं म्हणाल तर पहिल्या दिवशी सगळं सरळ रेषेत संपवा आणि मगच वळा. ट्रेल ब्रेकिंग, म्हणजे वळणात शिरतानाही थोडा ब्रेक ठेवून तो हळूहळू सोडणं, नंतर.

उशिरा_अपेक्स

ऑइलबद्दल शंभर टक्के सहमत. शेवटच्या वाक्याबद्दल नाही. त्याकडे येतो, पण आधी हिशोब.

टर्न ३ ते टर्न ४ हा सरळ पट्टा एक किलोमीटरहून थोडा जास्त आहे. टोकाला १७० चा वेग आणि वळणात ७० असं धरू. ड्रायव्हर आणि पेट्रोलसह १,२०० किलो. या एका ब्रेकिंगमध्ये सुमारे ११ लाख ज्यूल उष्णता तयार होते. साडेतीन लिटर पाणी माठातून काढून उकळीपर्यंत नेण्याएवढी. त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग पुढच्या दोन डिस्कवर पडतो. अशी मोठी ब्रेकिंग एका लॅपमध्ये तीन-चार.

ही उष्णता वेगावरून ठरते, पायाच्या जोरावरून नाही. म्हणून ब्रेक वाचवायचे असतील तर हलके दाबून उपयोग नाही. पट्ट्याच्या टोकाला १७० ऐवजी १६० लाच रेस सोडा. या एका वळणाची उष्णता १४ टक्क्यांनी कमी होते. वीस मिनिटांत दोन लॅप अशा, मग दोन जोरात, असं चालवलं तर साधे ब्रेकही टिकतात.

आता अंतर. रस्त्याच्या टायरवर ०.९ जी ने (गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट) ब्रेक लागला तर १७० वरून ७० ला यायला सुमारे १०५ मीटर लागतात. भीत भीत ०.६ जी ने लावला तर १५७. १७० ला गाडी सेकंदाला ४७ मीटर जाते, म्हणजे अर्धा सेकंद विचारात गेला की २४ मीटर संपले. म्हणून पहिल्या सेशनला २०० च्या बोर्डाला (वळण २०० मीटरवर असल्याची कडेची पाटी) ब्रेक. पुढे पाय कसा पडतोय हे कळलं की दहा-दहा मीटरने पुढे सरका. वळणात शिरताना वेळ उरतोय असं वाटलं तरच सरका. बोर्ड दिसेनासा होईल किंवा समोर गाडी येईल, म्हणून कडेची दुसरी एखादी खूणही ठरवून ठेवा : डांबरावरचा जोड, कर्बची सुरुवात. सावली मात्र नको, ती सकाळ-दुपार हलते.

पायाच्या दाबाचा आकार असा : पहिल्या पाव सेकंदात पटकन पण चढत्या दाबाने. लाथ मारू नका. वजन पुढच्या टायरवर यायला तेवढा वेळ लागतो, त्याआधी पूर्ण दाब दिला तर एबीएस अकारण जागं होतं. मग पूर्ण जोर, एबीएस नुकतं टकटक करेल-न करेल इतका. आणि वेग उतरेल तसा जोर हळूहळू सोडत जायचा. नवशिके नेमकं उलटं करतात : सुरुवातीला हलका आणि वळण जवळ आलं की घाबरून जोरात. तुमच्या टर्न ४ चं दुखणं इथेच आहे.

टायरकडे एकूण पकड ठरलेली असते, ब्रेक आणि वळण त्यातच वाटून घेतात. ही वाटणी साध्या बेरजेची नाही, काटकोन त्रिकोणाची आहे. ब्रेकला ८० टक्के दिले तर वळायला ६० टक्के उरतात. ब्रेकला ६० दिले तर ८०. आणि ब्रेकला फक्त ३० टक्के दिले तर वळायला ९५ टक्के शिल्लक! म्हणून वळायला सुरुवात करताना थोडा ब्रेक ठेवणं जवळजवळ फुकटात पडतं, आणि त्या दाबाने नाक खाली राहतं, पुढच्या टायरवर वजन राहतं. पानापेचकस म्हणतात तसं ब्रेक पूर्ण सोडून मग वळलं, आणि सोडताना पाय झटकन उचलला, की नाक वर येतं. ज्या क्षणी पुढच्या टायरला वजन हवं त्याच क्षणी ते हलकं होतं.

म्हणून एक तपासणी करा. टर्न ४ ला स्टिअरिंग वळवताना पाय कुठे होता? ब्रेकवर जोरात होता तर दहा मीटर आधी ब्रेक लावा. ब्रेकवरून झटकन उचलला होता तर तोच पाय सावकाश उचला, 'एक-दोन' म्हणेपर्यंत. दोन्ही वेळा नाक बाहेरच जातं, पण उपाय निराळे. आणि घसरत्या चाकाला आणखी वळवू नका. एका मर्यादेपुढे कोन वाढवला की पकड कमी होते. स्टिअरिंग थोडं सरळ करा, टायर पुन्हा धरतं.

पानापेचकस

त्रिकोणाचा मुद्दा मान्य. माझी भीती वेगळी होती : ट्रेल ब्रेकिंग म्हटलं की लोक वळणात शिरून ब्रेक *वाढवतात*. फक्त सुटता ब्रेक, चढता कधीच नाही, एवढं लक्षात राहिलं तर पहिल्या दिवशीही हरकत नाही.

चाकोरी

तिसऱ्या लक्षणाबद्दल कोणी बोललं नाही, आणि चारांत तेच धोक्याचं आहे.

टर्न १०-११ मध्ये गाडी बराच वेळ डावीकडे, म्हणजे वळणाच्या बाहेर, झुकलेली असते. मागचं आतलं चाक जवळजवळ तरंगत असतं. त्यात रेस झटकन सोडली की वजन पुढे जातं, मागचे टायर हलके होतात आणि मागची बाजू बाहेर निघते. वेग जास्त वाटला तर पाय उचलायचा, पण श्वास सोडल्यासारखा, अर्ध्याहून कमी. ब्रेक तर नाहीच. खरा उपाय वळणाच्या आधी : आत शिरतानाच तीन-चार किलोमीटर कमी ठेवा आणि मग पूर्णवेळ हलकी, स्थिर रेस. वेग १० टक्के वाढला की लागणारी पकड २१ टक्के वाढते, म्हणून ते तीन-चार किलोमीटर दिसतात त्यापेक्षा फार मोठे आहेत.

१०-११ ही दोन वळणं धरू नका. पहिल्याचा आतला कर्ब सोडून द्या, गाडी थोडी बाहेर राहू द्या आणि शेवटाकडचा अपेक्स (वळणातला सर्वांत आतला बिंदू) गाठा. पहिल्याला आत चिकटलात की पुढे कोन वाढवावा लागतो, आणि मग रेस सोडण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

मागची बाजू सुटलीच तर नजर जायचं तिकडे ठेवा, स्टिअरिंग घसरणीच्या दिशेने, रेस थोडी कायम. गाडी फिरायलाच लागली तर दोन्ही पाय खाली : क्लच आणि ब्रेक. बाहेरची दोन चाकं ट्रॅकखाली उतरली तर झटक्याने आत ओढू नका. सरळ जाऊ द्या, वेग उतरला की सावकाश या. स्टॅबिलिटी कंट्रोल असेल तर चालूच ठेवा.

वेळ कमवायचा असेल तर टर्न ३ ला. चढावरचं ते घट्ट वळण, पण पुढे सर्वांत लांब पट्टा. तिथे आत हळू शिरा, अपेक्स उशिरा घ्या, स्टिअरिंग सरळ होत जाईल तसतशी रेस वाढवा. पुढच्या ड्राइव्हच्या गाडीत वळलेल्या चाकांना पूर्ण रेस दिली तर आतलं चाक फिरत राहतं आणि नाक पुन्हा बाहेर.

टायरची हवा : सकाळी थंड असताना कंपनीने दिलेली. सेशननंतर लगेच मोजा, सहा-आठ पीएसआय वाढलेली असते. रस्त्याच्या टायरला पुढच्या चाकांत गरम असताना ३६ ते ३८ ही चांगली सुरुवात, जास्त असेल तर तेवढी काढा. टायरच्या खांद्यावर बारीक त्रिकोण कोरलेला असतो. घासल्याची खूण त्रिकोणापलीकडे गेली तर हवा कमी, त्याच्या बरीच अलीकडे राहिली तर जास्त. घरी निघण्याआधी हवा पुन्हा भरा. गरम टायरमधून काढलेली हवा थंड झाल्यावर फारच कमी पडते.

तिसरा_गिअर

लोकहो, फार मोलाचं. व्हिडिओ पाहिला, टर्न ४ ला ब्रेक लाईट वळायच्या क्षणी एकदम विझतोय. म्हणजे पाय झटकन उचलतोय. हील-अँड-टोचं तेवढं सांगा.

उशिरा_अपेक्स

पहिल्या काही ट्रॅक डेला नसलं तरी चालेल. ब्रेकचा दाब स्थिर राहणं जास्त महत्त्वाचं आणि हील-अँड-टो करताना पहिल्यांदा तोच बिघडतो. तोवर असं करा : गिअर उशिरा उतरवा, वेग बहुतेक उतरल्यावर, आणि क्लच सावकाश सोडा. तिसऱ्यात ३,००० आरपीएमवर असलेलं इंजिन त्याच वेगाला दुसऱ्यात साधारण ४,५०० वर जातं. क्लच झटकन सोडला तर ती उडी पुढची चाकं सोसतात आणि वळणाच्या तोंडाशी पकड सुटते. घाईत चौथ्यातून थेट दुसरा पडला तर इंजिनचं नुकसान. म्हणून एकेक गिअर.

सराव करायचाच तर उभ्या गाडीत, इंजिन चालू ठेवून : पायाचा पुढचा भाग ब्रेकवर घट्ट, त्याच पायाची उजवी कड रेसवर टेकवून आरपीएमचा आकडा १,५०० ने वर उडवायचा, ब्रेकचा दाब न हलवता. ताम्हिणीच्या घाटात वेगात सराव नको. तिथे समोरून एसटी येते आणि रनऑफ (चुकलं तर बाहेर जायला मोकळी जागा) नसतो.

पानापेचकस

जाण्याआधी चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासा, आकडा मॅन्युअलमध्ये आहे, आणि पहिल्या सेशननंतर थंड झाल्यावर पुन्हा एकदा. पायाखालची मॅट, डिकीतला जॅक, पाण्याच्या बाटल्या बाहेर. बाटली ब्रेकखाली घरंगळली तर वर लिहिलेलं काहीच कामाला येत नाही. आणि पॉलिसीचे कागद एकदा वाचा. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार विम्यात रेसिंग आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात, त्यामुळे ट्रॅकवरचं नुकसान आपल्याच खिशातून जाणार हे धरून चाला.