नळाच्या पाण्यानं कावीळ: नगरपरिषदेकडून भरपाई घ्यायची तर काय करावं लागतं?

आठवड्याचा_नळ
मराठवाड्यातलं तालुक्याचं ठिकाण, नगरपरिषद आहे. आठ दिवसाला नळ सुटतो. पहिली दहा मिनिटं गढूळ पाणी येतं, नालीचा वास मारतो. पाइपलाइन नालीतूनच गेलीय आणि एका जागी पाझर दिसतोय. गल्लीत कावीळ, टायफॉइडचे पेशंट निघालेत, काही भरती होते. नगरपरिषद म्हणते जलकुंभाच्या पाण्याचा रिपोर्ट चांगला आहे, तुम्ही घरची टाकी धुवा. मजुरी बुडाली ती वेगळीच. दावा कुठं करायचा? पुरावा काय लागतो? आधी पोलिसात जावं का?

नमुना_बाटली
कोर्टाचं नंतर बघा. पाझर बुजवला आणि टीसीएल (ब्लीचिंग पावडर) जास्त टाकली की पाणी लगेच स्वच्छ येतं आणि पुरावा संपतो. म्हणून पुढच्या पाळीला नमुना घ्याच.

जलकुंभाचा रिपोर्ट चांगला असेलही, त्यानं तुमचा दावा पडत नाही. आठ दिवस लाइन रिकामी असते. त्या काळात नालीचं पाणी पाझरातून आत शिरतं, आणि पाणी सोडताना-बंद करताना दाब पडला की ओढलंही जातं. ती घाण पहिल्या लोटात तुमच्या नळाला येते. नमुना घेणारा माणूस नियमाप्रमाणे तोटी जाळून निर्जंतुक करतो आणि दोन-तीन मिनिटं पाणी वाहू देतो. तोवर घाण निघून गेलेली असते! तेव्हा दोन बाटल्या मागा: एक पाणी सुटताक्षणी, दुसरी वाहू दिल्यावर. तोटी दोन्हीच्या आधीच, पाणी सुटायच्या अगोदर निर्जंतुक करून घ्या. शिवाय एक जलकुंभाजवळची, एक पाझराच्या अलीकडच्या (जलकुंभाच्या बाजूच्या) घरची, एक पलीकडच्या घरची. अलीकडं चांगलं आणि पलीकडं खराब निघालं तर घाण कुठून शिरते ते कागदावर येतं. घरातल्या टाकीचा नमुना देऊ नका, "टाकी तुमची" म्हणायला त्यांना तेवढंच पाहिजे.

बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. ती निर्जंतुक असते आणि आत सोडियम थायोसल्फेट असतं, त्यानं क्लोरीन निकामी होतो. धुऊ नका, काठोकाठ भरू नका. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा, 24 तासांच्या आतच. आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे 100 मिली पाण्यात ई-कोलाय (विष्ठेतले जंतू) अजिबात सापडता कामा नये. नळाला ओटी चाचणी (क्लोरीन दाखवणारी रंगाची चाचणी) करून मोकळा क्लोरीनही बघा, किमान 0.2 मिग्रॅ प्रति लिटर लागतो. घाण पाण्यानं काळी पडणारी एचटूएस चाचणीची बाटली शंका घ्यायला ठीक, दाव्यात तिचं वजन कमी.

खाजगी रिपोर्टवर "नमुना कुठला, कोणी घेतला" हा वाद हमखास होतो. आधी मुख्याधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी दोघांना लेखी द्या: अमुक दिवशी संयुक्त नमुने घ्या. पोच घ्या. आले नाहीत तर पंचांसमोर घ्या, बाटलीवर वेळ-ठिकाण-सह्या करा, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) ची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्या. पाझराचे फोटो आणि पंचनामा त्याच दिवशीचे.

आणि एक बघा, पाझर मुख्य लाइनला आहे की घरच्या जोडणीला? मुख्य लाइनपासून घरापर्यंतचा पाइप नळधारकाचा, असं नगरपरिषद हमखास म्हणते.

साथ_सर्वेक्षण
वरच्यात भर. भल्याभल्यांचे दावे तारखांवर पडतात. टायफॉइड जंतू पोटात गेल्यापासून साधारण 6 ते 30 दिवसांत दिसतो, कावीळ अ (हिपॅटायटिस ए) 15 ते 50 दिवसांत, कावीळ ई (हिपॅटायटिस ई) दोन ते दहा आठवड्यांत. कॉलरा मात्र काही तासांपासून 5 दिवसांत. म्हणजे आजच्या नमुन्यानं महिन्याभरापूर्वीची कावीळ सिद्ध होत नाही. पाझर तेव्हाही होता हे दाखवावं लागतं: जुने तक्रार अर्ज, तारखेसह फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवर केलेल्या तक्रारी. गल्लीतल्या पेशंटची यादी करा: घर, लक्षणं सुरू झाल्याची तारीख, पाणी कुठलं. जारचं किंवा बोअरचं पाणी पिणारी घरं मुद्दाम टाका, तिथं आजार नसेल तर दाव्याला बळ येतं.

कागदात "कावीळ" एवढंच नको, हिपॅटायटिस ए किंवा ई चा आयजीएम (ताजा संसर्ग दाखवणारी रक्तचाचणी) रिपोर्ट हवा. टायफॉइडला नुसती विडाल चाचणी कच्ची, समोरचा वकील तीच धरतो. ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघणं) हवं, तेही अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी. गरोदर बाईला कावीळ ई जिवावर बेतू शकते, तिला दवाखान्यात न्यायला थांबू नका.

दिवाणी_फाईल
भरपाईसाठी मी आधी कायम लोकअदालत सुचवीन. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 22 अ मध्ये लोकांना पाणी पुरवणं ही लोकोपयोगी सेवा आहे. एक कोटीपर्यंतचा दावा चालतो, कोर्ट फी नाही. तडजोड झाली नाही तरी गुणदोषावर निकाल देतात. त्यावर अपील नाही, फक्त हायकोर्टात रिट, आपल्याकडं संभाजीनगर खंडपीठ. चौकशी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो.

दोन अडचणी. वाद आधीच कोर्टात असेल तर इथं येता येत नाही. आणि तडजोड न होणाऱ्या गुन्ह्याशी संबंधित प्रकरण त्यांच्या कक्षेबाहेर. म्हणून भरपाईच पाहिजे असेल तर आधी पोलिसात पळू नका, क्रम वकिलाला विचारून ठरवा. नुसता पाझर बंद करून घ्यायचा तर उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 चा अर्ज करा.

ग्राहक आयोगात मुदत दोन वर्षं. तक्रारीची फी तुम्ही सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही, म्हणून पाणीपट्टीच्या दाव्याला फी लागतच नाही. पण "हा कर आहे, मोबदला नाही, तुम्ही ग्राहक नाही" हा आक्षेप ठरलेला. मीटरप्रमाणे बिल भरत असाल तर बाजू बरी.

दिवाणी दावा लावायचा तर नगरपरिषद अधिनियम 1965 चं कलम 304 बघा: आधी एक महिन्याची नोटीस, आणि कारण घडल्यापासून सहा महिन्यांत दावा. बहुतेकांचा दावा इथंच बुडतो. शासनालाही पक्षकार केलंत तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस वेगळी.

"पैसे नाहीत" हे उत्तर चालत नाही, रतलाम नगरपालिकेच्या 1980 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलंय.

आठवड्याचा_नळ
आभार. रक्कम कशी धरायची? एक पेशंट महात्मा फुले योजनेत होता.

दिवाणी_फाईल
योजनेनं दिलेलं बिल मागू नका, फाइलमध्ये ते उघडं पडतं. बाहेरून आणलेली औषधं, तपासण्या, गाडीभाडं, सोबत बसलेल्याची बुडालेली मजुरी, नंतरच्या आरामाचे दिवस हे मागा. मजुरीला पुरावा हवा: रोहयोचं हजेरीपत्रक, मुकादमाचं किंवा दुकानदाराचं पत्र, बँकेत जमा होत असेल तर पासबुक. दगावलेल्याचं प्रकरण असेल तर वय आणि कमाईवरून अवलंबितांचं नुकसान काढतात, ते वेगळं मांडा. प्रत्येक पेशंटचा अर्ज स्वतंत्र, पाण्याचे रिपोर्ट सगळ्यांना जोडा.

नमुना_बाटली
आणि माहिती अधिकार आजच टाका, उत्तराला 30 दिवस जातात. क्लोरीन नोंदवही, गळती दुरुस्तीची नोंद, त्या वॉर्डाचे नमुना अहवाल मागा. आरोग्य विभागाचा साथीचा अहवाल हवा असेल तर त्याला दुसरा अर्ज, दुसरं 10 रुपयांचं तिकीट. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांपर्यंत.