‘डस्क’ला मिळालेली दाद: जुन्या आठवणींना की खेळाला?

रात्रपाळी (धागालेखिका)

मंडळी,

डेव्हिड शिमान्स्की यांनी बहुतांशी एकहाती घडवलेला आणि न्यू ब्लड इंटरॅक्टिव्हने प्रकाशित केलेला ‘डस्क’ हा फर्स्ट-पर्सन शूटर (खेळणाऱ्याच्या डोळ्यांतून दिसणारा गोळीबाराचा गेम) जानेवारी २०१८ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अपूर्ण असतानाच विक्रीला, आला आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला पूर्ण झाला. इतकी वर्षे लोटली तरी स्टीम या गेम विकणाऱ्या संकेतस्थळावर खेळाडूंच्या अभिप्रायांची जी सर्वांत वरची श्रेणी आहे ती या गेमने सोडलेली नाही. सेलमध्ये स्वस्तात मिळाला म्हणून मी तो घेतला आणि पहिला भाग खेळून संपवला. खेळताना मजा आली हे मान्य करते, परंतु माणसांचे चेहरे म्हणजे चार-दोन सपाट पृष्ठभागांवर ताणून बसवलेले धूसर चित्र, झाडे म्हणजे खांब, आणि गेम सुरू होतानाच डॉस या जुन्या संगणक-प्रणालीचा खोटा पडदा दाखवण्याची हौस, हे सारे पाहून हा गेम नव्वदच्या दशकात वाढलेल्यांच्या स्मरणरंजनावर उभा आहे असेच मला वाटत राहिले.

अडचण अशी की त्याची तोंड भरून स्तुती करणाऱ्यांत माझ्या वयाचे, म्हणजे ‘क्वेक’ हा जुना शूटर प्रसिद्ध झाला तेव्हा जन्मलेलेही नसलेले, कितीतरी जण आहेत. ज्याची आठवणच नाही त्याचे स्मरणरंजन कसे होईल? मग ही दाद नेमकी कशाला आहे? तुमच्यापैकी जे हा प्रकार नियमाने खेळतात त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. ‘गेमप्ले भारी आहे’ एवढ्यावर बोळवण करू नये, ही विनंती.

पिक्सेलपंत

प्रश्न चांगला आहे, आणि त्याचे उत्तर ‘डस्क’ने जुन्या खेळांतले काय घेतले यापेक्षा काय टाकून दिले यात अधिक सापडते असे माझे मत आहे.

१९९६ साली आलेला ‘क्वेक’ त्या काळच्या सर्वसाधारण संगणकावर ३२० गुणिले २०० बिंदूंच्या पडद्यावर, २५६ रंगांच्या ठरावीक संचात आणि यंत्राला जेवढे झेपेल तेवढ्या अडखळत्या वेगाने चालत असे. ‘डस्क’ युनिटी या आजच्या इंजिनावर (गेम ज्यावर बांधतात त्या सॉफ्टवेअरवर) बांधलेला आहे, तो तुमच्या मॉनिटरच्या पूर्ण रेझोल्यूशनवर आणि यंत्राची ताकद असेल तितक्या फ्रेमरेटने (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांच्या संख्येने) चालतो, आणि बिंदू जाडेभरडे दिसावेत असे वाटत असेल तर त्यासाठी मुद्दाम वेगळी सेटिंग चालू करावी लागते. म्हणजे साधेपणा आकृत्यांत आहे. हालचालीत आणि माउसच्या प्रतिसादात अजिबात नाही. जुन्या खेळाचा जो त्रास होता तो काढून टाकून त्याची फक्त भाषा ठेवली आहे, आणि ही निवड आहे हे लक्षात घेतले नाही तर चेहरा सपाट का, हा प्रश्न सुटत नाही.

तो सपाट का असावा याचे एक उदाहरण देतो. पहिल्या भागात शेतांमध्ये बुजगावणी आहेत. त्यांतली काही नुसती बुजगावणी असतात आणि काही तुम्ही जवळ गेलात की जिवंत होऊन शॉटगन चालवतात. तुम्ही त्या वेळी कमालीच्या वेगाने पळत असता, बाजूने झगे घातलेले पंथवाले आगीचे गोळे फेकत असतात, आणि तरीही कोपऱ्यात हललेली ती आडव्या हातांची आकृती कोण आहे हे डोळ्याच्या कडेने कळते, कारण त्या दृश्यात दुसरे काहीही तिच्यासारखे दिसत नाही. आजच्या महागड्या शूटरमध्ये गवताचे प्रत्येक पाते हलते, धूर असतो, पानांतून झिरपणारा प्रकाश असतो, आणि मग शत्रू ओळखू यावा म्हणून त्याच्याभोवती लाल रेघ काढावी लागते किंवा डोक्यावर खूण लटकवावी लागते. ‘डस्क’ला अशा खुणांची फारशी गरज पडत नाही. शिवाय इथल्या बहुतेक शत्रूंचे मारे हवेतून येताना दिसतात, त्यामुळे ते चुकवता येतात. बंदुकीत गोळ्या भरत बसण्यासाठी थांबावे लागत नाही, सगळी शस्त्रे एकाच वेळी अंगावर असतात, उंचावरून पडल्याने इजा होत नाही, आणि हवेत असताना माउस ओढत राहिलात तर तुम्ही चक्क कोलांटी मारता. या प्रत्येक निर्णयाची दिशा एकच आहे: खेळाडूने थांबू नये. तुमच्या वयाच्या खेळाडूंना जे आवडते ते हे आहे, आणि त्यासाठी ‘क्वेक’ आठवण्याची गरज नाही.

आमच्या प्रायोगिक रंगभूमीवर एका खुर्चीवर अख्खा दरबार उभा राहतो, तेव्हा नेपथ्याला पैसे नव्हते का असे कोणी विचारत नाही. तसेच हे आहे.

जुना क्वेककर

पंतांच्या तांत्रिक मुद्द्यांशी सहमत. मात्र स्मरणरंजन त्यांनी फारच लवकर दाराबाहेर काढले. ते आहे, भरपूर आहे, आणि लेखिका म्हणतात तसे जाणीवपूर्वक पेरलेले आहे. गेम पूर्ण झाला ती तारीख पाहा: १० डिसेंबर २०१८, म्हणजे ‘डूम’ हा गाजलेला जुना शूटर प्रसिद्ध झाला त्याला बरोबर २५ वर्षे झाली तो दिवस. खलनायक जेकबचा आवाज स्टीफन वेट यांचा आहे, ज्यांनी १९९७ च्या ‘ब्लड’मधील नायकाला आवाज दिला होता. ज्यांनी तो गेम खेळला आहे त्यांच्या अंगावर पहिल्या वाक्याला काटा येतो, आणि ज्यांनी खेळलेला नाही त्यांना नुसता एक घोगरा, चिडवणारा म्हातारा ऐकू येतो. दोघांचेही चालून जाते.

मी पुण्यात सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ‘क्वेक ३’ खेळणाऱ्या पिढीतला आहे, त्यामुळे माझ्या मताला त्या काळाचा रंग असणारच. तरीही मला या गेममध्ये सर्वांत उजवी वाटते ती नकाशांची, म्हणजे खेळायच्या जागांची, रचना, आणि ती माझ्या आठवणीतल्या कोणत्याही जुन्या खेळाची नक्कल नाही. दुसऱ्या भागातला ‘एशर लॅब्ज’ हा नकाशा घ्या. तिथे गुरुत्वाकर्षणाची दिशाच बदलत जाते. ज्या मार्गिकेतून तुम्ही आलात तीच थोड्या वेळाने छताला उलटी लटकलेली दिसते, आणि जिला तुम्ही भिंत समजत होता ती चालायची जमीन होते. एम. सी. एशर यांच्या जिन्यांची चित्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना नावातच इशारा मिळतो. १९९६ मध्ये असा नकाशा बनवणे महाकठीण होते. खेळाडूंच्या चर्चांमध्ये याच नकाशाचे नाव पुन्हा पुन्हा निघते, हे मला बोलके वाटते, कारण दाद जर केवळ जुनेपणाला असती तर सर्वांत जुन्यासारखे दिसणारे नकाशे लोकांच्या तोंडी असते.

आणखी एक गोष्ट, जिचा पंतांनी उल्लेखही केला नाही, ती म्हणजे आवाज. अँड्र्यू हल्शल्ट यांचे संगीत काढून टाका आणि तोच गेम खेळून पाहा, अर्धा जीव निघून जातो. शांत जागी नुसती घरघर आणि दूरवरचा कुजबुजाट, आणि दार उघडून खोली शत्रूंनी भरली की एकदम गिटारचा लोंढा. याच हल्शल्ट यांना पुढे ‘डूम इटर्नल’च्या ‘द एन्शंट गॉड्स’ या विस्ताराच्या संगीतासाठी बोलावले गेले, ते उगाच नाही.

नाटकाच्या खुर्चीचा दाखला मला तितकासा पटला नाही. खुर्चीला दरबार करणारा तिथे नट असतो. इथे ते काम कोण करतो?

शंकेखोर

वरचे दोन्ही प्रतिसाद गेमच्या प्रेमात पडलेल्यांचे आहेत, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. मूळ प्रश्न दाद कशाला मिळाली हा आहे, परंतु ती दाद मोजली कशी जाते हे कोणीच पाहिलेले नाही.

स्टीमवर खेळाडूला दहापैकी गुण द्यायचे नसतात. शिफारस करता की नाही, एवढेच सांगायचे असते. पाचशेहून अधिक अभिप्राय असतील आणि त्यांतले ९५ टक्के किंवा अधिक होकारार्थी असतील तर ती सर्वोच्च श्रेणी मिळते. म्हणजे ‘ठीक आहे, पैसे वसूल झाले’ म्हणणारा आणि ‘आयुष्यातला सर्वोत्तम गेम’ म्हणणारा, दोघांचा अंगठा सारखाच मोजला जातो. त्यात भर अशी की ‘डस्क’ची चित्रे इतकी रोखठोक आहेत की ज्याला ती सहन होणार नाहीत तो विक्रीच्या पानावरूनच मागे फिरतो. मोठ्या कंपनीचा गेम जाहिरात पाहून लाखो लोक घेतात, त्यांतल्या कित्येकांना तो प्रकारच आवडत नाही, आणि ते नकारार्थी अभिप्राय लिहितात. इथे ती मंडळी आत आलेलीच नाहीत. चुकून आलेला असेल तो दोन तासांच्या आत खेळून पैसे परत घेऊ शकतो, आणि त्यांतले बहुतेक जण अभिप्राय लिहिण्याचे कष्टही घेत नाहीत.

याचा पुरावा म्हणून ‘क्रुएल्टी स्क्वॉड’कडे पाहा. फिनलंडचे चित्रकार विल्ले काल्लिओ यांचा हा गेम २०२१ मध्ये आला. त्याचे रंग डोळ्यांत खुपतात, पडद्याच्या कडा बटबटीत चौकटीने अडवलेल्या आहेत, बंदूक भरण्यासाठी माउस ओढावा लागतो, आणि हे सर्व मुद्दाम, कंपन्यांच्या मालकीच्या एका किळसवाण्या जगाची टिंगल करण्यासाठी केलेले आहे. पंतांनी सांगितलेली सुबोध आकृती, स्वच्छ दृश्य, यातले तिथे काहीही नाही. तरी श्रेणी तीच, सर्वांत वरची. मग सुबोधपणामुळे दाद मिळते हा सिद्धांत कुठे राहिला? मला तर त्या श्रेणीचा अर्थ एवढाच दिसतो की विकत घेणाऱ्याला जे हवे होते ते मिळाले.

‘डस्क’बद्दल माझी स्वतःची तक्रार अशी, की पहिल्या भागातले ते उजाड अमेरिकी शेतघर, कत्तलखान्यासारखे तळघर आणि गंजलेली यंत्रे यांत जी विशिष्ट जागेची भीती होती ती तिसऱ्या भागात ओळखीच्या दगडी, दुष्ट देवतांच्या जगात विरून जाते. मोठ्या शत्रूंशी होणाऱ्या लढती तर मला सरळ कंटाळवाण्या वाटल्या: विस्तीर्ण मैदान, मध्ये एक अवाढव्य प्राणी, आणि तो पडेपर्यंत गोल गोल धावायचे.

पिक्सेलपंत

शंकेखोर, श्रेणीबद्दलचे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि मोठ्या शत्रूंबद्दलचेही बरेचसे मान्य आहे. ‘क्रुएल्टी स्क्वॉड’च्या बाबतीत मात्र तुम्ही माझाच मुद्दा पुढे नेत आहात. तो गेम हळू आहे. तिथे नकाशात चोरवाटा हुडकायच्या असतात, लक्ष्य कोण हे शोधायचे असते, आणि जगाचा किळसवाणेपणा हाच अनुभवाचा गाभा आहे, म्हणून गोंधळलेले दृश्य तिथे शोभते. ‘डस्क’ वेगवान आहे, म्हणून तिथे स्वच्छ दृश्य लागते. दोन्हीकडे चित्रशैली खेळाच्या कामाला जुंपलेली आहे आणि खेळाडूंना ते जाणवते. जुनी शैली नुसती वरून फासलेले गेम दरवर्षी ढिगाने येतात. त्यांची नावेही आपल्याला आठवत नाहीत.

खऱ्याखुऱ्या जुन्या इंजिनावर बनवलेला गेम पाहायचा असेल तर २०१९ चा ‘आयन फ्यूरी’ आहे. तो ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’च्याच बिल्ड इंजिनाच्या सुधारित आवृत्तीवर चालतो. तोही उत्तम आहे, परंतु त्याच्या कौतुकात कारागिरीचा आणि चिकाटीचा वाटा मोठा असतो. ‘डस्क’चे कौतुक करणाऱ्या नव्या खेळाडूला तो कोणत्या इंजिनावर चालतो याच्याशी कर्तव्य नसते.

आणि क्वेककर, खुर्चीला दरबार करण्याचे काम इथे वेग करतो. त्या वेगात चित्रातल्या पोकळ्या न्याहाळायला मेंदूला अवधीच मिळत नाही, तो त्या स्वतःहून भरून टाकतो. स्क्रीनशॉटमध्ये हास्यास्पद दिसणारा तोच शत्रू अंगावर धावून येताना हास्यास्पद वाटत नाही, तो त्यामुळेच.

रात्रपाळी (धागालेखिका)

सर्वांचे आभार. एशर लॅब्जपर्यंत मी अजून पोहोचलेले नाही, त्यामुळे दुसरा भाग पुढे खेळण्याचे निश्चित केले आहे. तिसऱ्या भागाविषयीची शंकेखोरांची तक्रारही लक्षात ठेवते. पहिल्या भागातली तळघराची सुरुवात मलाही आवडली होती: हातात फक्त दोन विळे, आणि समोर चेनसॉ घेतलेले तिघे. तिथे चेहरे सपाट आहेत हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. ते नंतर, गेम थांबवून निवांत पाहिल्यावर आले. त्यामुळे पंतांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझा दुजोरा.

एक व्यावहारिक प्रश्न राहतो. माझ्या आतेभावाला हा गेम द्यायचा आहे, पण वेगवान शूटर खेळताना त्याला मळमळते. त्याने काय करावे?

जुना क्वेककर

आधी चालताना होणारी पडद्याची डुलण बंद करावी, दृष्टिक्षेत्राचा कोन वाढवावा, आणि मॉनिटरपासून नेहमीपेक्षा थोडे लांब बसावे. पिक्सेल जाड करणारी सेटिंग चालू असेल तर तीही काढावी. पहिल्या भागात सहसा त्रास होत नाही. खरी परीक्षा गुरुत्वाकर्षण फिरते तिथे आहे, तेव्हा तो नकाशा पोटभर जेवून लगेच खेळू नये. इतके करूनही मळमळले तर स्टीमची दोन तासांची मुदत संपण्याआधीच थांबून पैसे परत घ्यावेत. मात्र त्यासाठी खरेदीला चौदा दिवसांहून अधिक झालेले नसावेत, म्हणून सेलमध्ये घेऊन ठेवून वाढदिवसाची वाट पाहत बसू नका.