रेवसच्या लाँचचा धूर: गाडीला पीयूसी, मग बोटीला का नाही?

खाडीकिनारा

गेल्या रविवारी मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं अलिबागजवळच्या रेवसला गेलो. पुढे जागा नव्हती, म्हणून मागच्या बाकावर इंजिनाच्या झाकणाशेजारी टेकलो. लाँच सुटली आणि काळ्या धुराचा लोट वाऱ्याबरोबर थेट आमच्या अंगावर. शेजारच्या कोळीणमावशींनी सवयीनं पदर नाकाला लावला, गप्पा चालूच. मी खलाशाला विचारलं तर म्हणाला, "इंजिन थंड हाय, तापला का धूर जातो." क्रॉस आयलंड मागे पडलं, रेवसचा किनारा दिसायला लागला, धूर होता तसाच. घरी येऊन चष्मा पुसला तर रुमालावर काजळीचा पट्टा.

माझ्या बारा वर्षं जुन्या स्कूटरचं पीयूसी संपलं तर कायद्यानं दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्या लाँचवर किती प्रवासी घ्यायचे ते ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं, लाइफ जॅकेटं टांगलेली होती. धुराबद्दल एक ओळ नाही. माझं म्हणणं एवढंच, की परवाना नूतनीकरणाच्या वेळी धूर तपासा आणि त्याचा कागद त्या प्रवासीसंख्येच्या पाटीशेजारी लावा.

धक्क्यावरचा

रविवारी एकदा लाँचमध्ये बसायचं आणि सोमवारी धागा काढायचा, हे बरं आहे. साहेब, मुंबईच्या हवेला काय झालंय ते बघायचं तर आधी बांधकामांची धूळ बघा, बंदरात उभी राहणारी मोठी जहाजं बघा. एक लाँच शंभराच्या वर माणसं नेते. तीच माणसं पनवेल-पेणवरून गाडीनं फिरली तर रस्ता किती, डिझेल किती, याचा हिशेब कोणी करत नाही.

अटल सेतू आहे म्हणाल. कारला एका खेपेचे २५० रुपये टोल. तुमच्या त्या मावशी टोपली घेऊन त्या पुलावरून येणार आहेत का? तपासणीचा खर्च तिकिटावर चढणार आणि तो भरणार त्याच. नवीन दाखला म्हणजे नवीन टेबल, आणि टेबल म्हटलं की पुढचं सांगायला नको.

नोझलवाला

डिझेल पंप आणि नोझल हेच माझं पोटापाण्याचं काम, ट्रकचंही करतो आणि बोटींचंही. म्हणून थोडं बोलतो.

धुराचा रंग बघायला शिका. थंड इंजिनाचा धूर पांढरट असतो, न जळलेल्या डिझेलचा, डोळ्याला झोंबणारा. तो खरंच तापल्यावर जातो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा गेल्या. काळा धूर म्हणजे डिझेलला पुरेशी हवा मिळत नाही. एअर फिल्टर चोंदलाय, नोझल फवारा मारायच्या ऐवजी गळतंय, पंपाचं टायमिंग सरकलंय किंवा इंजिनावर झेपेल त्यापेक्षा जास्त लोड आहे. तासभर काळा धूर निघाला असेल तर खलाशानं तुम्हाला गोड बोलून बसवलं.

बोटीत एक भानगड आणखी असते. तळाला आणि पाण्यातल्या पंख्याला शेवाळ-शिंपले धरले की बोट जड होते. तोच वेग राखायला तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, रेस वाढवतो, डिझेल जास्त जातं, धूर काळा होतो. अशा वेळी इंजिन खोलून काही मिळत नाही, तळ खरवडून रंगवावा लागतो. म्हणजे काळ्या धुराचा पहिला भुर्दंड मालकालाच. पण डिझेलचं बिल रोज थोडं थोडं जातं म्हणून दुखत नाही. पंप काढायचा तर बोट दोन दिवस उभी, ते लगेच दुखतं.

डोंबिवली-फास्ट-नाही

पीयूसीचं नाव काढू नका. मागच्या वर्षी माझी गाडी गॅरेजमध्ये चाकं काढून उभी होती आणि पीयूसी व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. धूर चक्क नियमात बसत होता, चाकं नसलेल्या गाडीचा. तोच खेळ आता पाण्यात मांडायचा का?

डिझेलच काढून टाका, विषय संपला. केरळात वैक्कमला २०१७ पासून ७५ माणसांची 'आदित्य' ही सौर बोट चालते. कोचीत २०२३ मध्ये वॉटर मेट्रो सुरू झाली, तिच्या बोटी बॅटरीवर. आपण अजून नोझल साफ करायच्या गप्पा मारतोय.

धक्क्यावरचा

वैक्कमचा तो फेरा जेमतेम अडीच-तीन किलोमीटरचा, तोही शांत कायलात, म्हणजे खाडीच्या पाण्यात. रेवसला तासाभराहून जास्त लागतो आणि पावसाळ्यात इथलं पाणी कसं उसळतं ते एकदा येऊन बघा. गेटवे-मांडवा पावसाळ्यात बंद ठेवतात, रेवसची चालू असते. वर ओहोटीला रेवसच्या जेटीसमोर गाळ. बॅटरीची बोट रुतली तर ढकलायला कोण येणार, कोचीवाले?

उरणची पासवाली

मी कितीतरी वर्षं उरणच्या मोरा धक्क्यावरून लाँचनं मुंबईला नोकरीला गेले. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल आली आणि लाँच सोडली. पहिल्या महिन्यात एक गोष्ट लक्षात आली. माझी हिवाळ्यातली सकाळची खोकल्याची ढास गेली होती. धूर की वय की आणखी काही, डॉक्टर नाही मी. पण डिझेलच्या धुरानं कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ मध्येच ठरवून टाकलंय, तेव्हा "एवढ्याशा धुरानं काय होतं" हे वाक्य तरी आता नको.

खाडीकिनारा

धक्क्यावरचे, जहाजांचा मुद्दा घेऊ. जगभरच्या जहाजांच्या इंधनात गंधकाची मर्यादा १ जानेवारी २०२० पासून साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. त्याच वर्षी एप्रिलपासून आपल्या पंपावर बीएस-६ डिझेल मिळायला लागलं, त्यात गंधक दहा लाखांत दहा भाग. म्हणजे मोठ्यांनाही नियम आला आणि इंधनही सुधारलं. राहिलं काय, तर नीट न राखलेलं जुनं इंजिन. ते चांगल्या डिझेलचाही काळा धूर करतं, हे नोझलवाल्यांनी वर सांगितलंच.

खोटी पीयूसी निघतात हे मान्य. पण लाँचचा धूर लपत कुठे? शंभर माणसं बघत असतात. दाखला खोटा निघाला तर तिथल्या तिथे कळेल.

नोझलवाला

त्यात एक मेख आहे. गाडीची डिझेल पीयूसी न्यूट्रलमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबून होते. बोटीला तशी केलीत तर सगळ्या पास होतील, कारण पंखा पाणी कापत नसताना इंजिनाला लोडच नसतो. बोट धक्क्याला दोरांनी पक्की बांधा, पुढचा गिअर टाका आणि मग धूर मोजा. खरा कस तिथे. आम्ही पंप बसवल्यावर तसंच बघतो, फक्त मशिनऐवजी डोळ्यानं.

धक्क्यावरचा

तुमचं पटतंय, कारण तुम्ही हात काळे केलेत. बाकीच्यांना एकच सांगतो. माझे वडील तांडेल होते, धाकटा काका इंजिनावर. प्रवासी तासाभरात उतरून जातो. खाली इंजिनापाशी बसलेला माणूस दिवसभर तेच घेतो. काका वारले तेव्हा घरात सगळे विडीला बोल लावत होते. काका विडी ओढायचे, खोटं नाही. पण दिवसाला चार.

म्हणून तपासणी नको असं मी म्हणत नाही. बोट दोन दिवस उभी राहिली तर खलाशाचा रोज कोण देणार, हे आधी लिहा. सगळ्या एकदम उभ्या करू नका, पाळीपाळीनं काढा. आणि दंड मालकाच्या नावावर फाडा, तांडेलाच्या नाही. धक्क्यावर पोलीस आला की आधी तांडेलाची कॉलर धरतात.

डोंबिवली-फास्ट-नाही

हे पहिल्याच प्रतिसादात लिहिलं असतंत तर?

धक्क्यावरचा

पहिल्या प्रतिसादात तुम्ही कोचीला पोचला नव्हतात ना.

उरणची पासवाली

रेवसला उतरल्यावर अलिबागची एसटी धरली असेल ना, खाडीकिनारा? तिचा धूर कुठल्या रंगाचा होता?

खाडीकिनारा

निळसर. आता कळलं, रिंगा गेल्यात.