एक्स-रे स्वच्छ, तरीही अंगठ्याच्या मुळाशी दुखणे थांबत नाही

पेठकर
माझा 19 वर्षांचा मुलगा शिवाजी पेठेतील एका तालमीत सराव करतो. सतरा दिवसांपूर्वी जोडीदाराने पट काढला तेव्हा तो मागे कोसळला आणि तोल सावरताना सगळे वजन उजव्या तळहातावर आले. त्याच संध्याकाळी एक्स-रे काढला. हाड मोडलेले नाही, मनगट मुरगळले आहे, असे सांगण्यात आले. सूज चार दिवसांत उतरली. मात्र भरलेली बादली उचलताना किंवा जोर मारण्यासाठी तळहात टेकताच अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. वस्ताद रोज तेल लावून मनगट चोळून देतात. त्यांच्या हाताचा गुण मी स्वतः अनुभवला आहे, त्यामुळे ते थांबवावे की नाही हे ठरत नाही. पुन्हा एक्स-रे काढण्यात काही अर्थ आहे का?

हुपरीकर
आमच्या चांदीकामात हे दुखणे नेहमीचे आहे. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीच्या बाजूला वाकवल्यावर कळ उठली, तर अंगठ्याच्या कंडरांचे आवरण सुजलेले असू शकते. मला पट्टा आणि विश्रांती एवढ्यावर आराम पडला.

राजारामपुरीतील फिजिओथेरपिस्ट
हुपरीकरांनी सांगितलेला आजार खरा आहे, पण तो बहुधा एकच हालचाल महिनोन्महिने करून जडतो. येथे दुखणे एका पडण्यापासून सुरू झाले आहे. हात न तपासता निदान करणे योग्य नव्हे, तरी शंका कशाची घ्यावी हे सांगतो.

मनगटात दोन ओळींत आठ लहान हाडे असतात. त्यांपैकी अंगठ्याच्या बाजूचे, होडीच्या आकाराचे स्कॅफॉइड दोन्ही ओळींवर पुलासारखे आडवे असते, आणि पसरलेल्या तळहातावर पडल्यास या आठांत सर्वाधिक वेळा तेच मोडते. वयस्क माणूस असा पडला तर बहुधा रेडियस हे मोठे हाड मनगटाजवळ मोडते व हात वाकडा झालेला कोणालाही दिसतो. स्कॅफॉइड मोडल्यावर हात सरळच राहतो, बोटे हलतात, आणि तिथेच फसगत होते.

अंगठा ताठ मागे नेला की त्याच्या मुळाशी कंडरांमध्ये एक खळगा उमटतो. शरीरशास्त्रात त्याला चक्क तपकिरीच्या डबीचे नाव आहे, कारण तपकीर ओढणारे चिमूट तिथे ठेवीत. त्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर पहिल्या एक्स-रेवर विसंबू नये. बारीक भेग पहिल्या दिवशी दिसेलच असे नाही. 10 ते 14 दिवसांत मोडलेल्या कडांचे हाड थोडे विरघळून फट स्पष्ट होते. म्हणून दुसरा एक्स-रे आता अवश्य काढावा, आणि त्यानंतरही शंका उरली तर एमआरआय करावा.

घाई एवढ्यासाठी की या हाडाचा रक्तपुरवठा उलटा आहे. रक्त मुख्यतः बोटांकडच्या बाजूने शिरून कोपराकडच्या टोकाला पोहोचते, त्यामुळे हाड मध्येच मोडले तर मागच्या तुकड्याचे रक्त तुटते. तो सांधण्यास फार वेळ घेतो आणि कधी मृतही होतो. वस्तादांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, निदान होईपर्यंत चोळणे आणि सराव, दोन्ही बंद ठेवावे.

लेथवाला, उद्यमनगर
वरील मजकूर मला वीस वर्षांपूर्वी वाचायला मिळायला हवा होता. मी मोटरसायकलवरून पडलो आणि मुरगळा समजून दीड वर्ष काढले. शेवटी कमरेच्या हाडाचा तुकडा मनगटात बसवून स्क्रू घालावा लागला. पाना फिरवता येतो, पण मनगट मागे पूर्ण वाकत नाही.

पेठकर
सर्वांचे आभार. खळग्यात दाबताच मुलाने हात ओढून घेतला, म्हणून दुसऱ्याच दिवशी अस्थितज्ज्ञांकडे गेलो. नव्या एक्स-रेत स्कॅफॉइडच्या मधल्या भागात भेग दिसली. तुकडे सरकलेले नसल्यामुळे तूर्त शस्त्रक्रिया नको, असे ते म्हणाले. कोपराखालपर्यंत प्लास्टर घातले आहे आणि 8 आठवड्यांनी पुन्हा पाहणी आहे. फिल्म घेऊन तालमीत गेलो होतो. वस्तादांनी ती उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली आणि मुलाला तोवर फक्त बैठका मारायला सांगितल्या.